दाबाचा हिशेब

१९९३ साली मारुतीची झेन ही छोटी मोटार भारतातील रस्त्यांवर आली, तेव्हा तिच्या बॉनेटखालचे ९९३ घन सेंटिमीटरचे, चार सिलिंडरांचे, संपूर्ण अ‍ॅल्युमिनियमचे इंजिन सुमारे पन्नास अश्वशक्ती देत असे, आणि सव्वासातशे-साडेसातशे किलो वजनाच्या त्या चपळ गाडीला तेवढी शक्ती पुरून उरते, असा तिच्या बहुतेक मालकांचा अनुभव होता. पुढे कार्ब्युरेटर जाऊन इंजेक्शनची पद्धत आली आणि शक्तीचा आकडा साठाच्या घरात गेला. २००६ साली तिचे उत्पादन थांबले. परंतु महाराष्ट्रातल्या लहानमोठ्या गावांत आजही ज्या झेन धावत्या स्थितीत दिसतात, त्यांतल्या काहींच्या पाठीशी एक विशिष्ट वृत्तीचा माणूस उभा असतो: ज्याला इंजिन स्वतःच्या हाताने खोलून पुन्हा बसवण्याचा नाद आहे, ज्याच्या पडवीत वेल्डिंगचे यंत्र आहे, ज्याची एखाद्या लेथवाल्याशी दाट ओळख आहे, आणि ज्याच्या मनात, केव्हा ना केव्हा, या इंजिनाला टर्बोचार्जर बसवून पाहावा हा विचार आल्यावाचून राहत नाही.

या विचाराविषयी मला मनःपूर्वक आदर आहे, आणि म्हणूनच त्याची नीट फोड करून तो वाचकांपुढे ठेवावा असे वाटते. टर्बोचार्जर बसवणे ही शक्ती मिळवण्याची कृती आहे असे बाहेरून पाहणाऱ्याला वाटते. प्रत्यक्षात ज्याने ही कृती तडीस नेली आहे त्याचे बहुतेक सर्व श्रम उष्णता, इंधन आणि तेल या तिघांचा बंदोबस्त करण्यात खर्ची पडलेले असतात, आणि शक्ती ही त्या बंदोबस्ताच्या मोबदल्यात, जणू आपसूक, पदरात पडते.

इंजिनाची शक्ती अखेरीस त्याने किती हवा आत घेतली यावर ठरते. पेट्रोल हवे तेवढे आत सोडता येईल; पण एक किलो पेट्रोल पुरते जळायला साडेचौदा किलोंहून थोडी अधिक हवा लागते, आणि पिस्टन खाली उतरताना जी पोकळी निर्माण होते तिच्यात वातावरणाचा दाब जेवढी हवा ढकलील तेवढीच इंजिनाला मिळते. झेनचे इंजिन मिनिटाला ६००० फेरे घेत असता सेकंदाला चाळीस लिटरांच्या आसपास हवा घेते. महाबळेश्वरी वातावरणाचा दाब समुद्रकाठच्या मानाने सुमारे पंधरा टक्क्यांनी कमी भरतो. त्यामुळे महाडहून पोलादपूरमार्गे आंबेनळीचा घाट चढत गेलेली गाडी माथ्यावर पोहोचेपर्यंत थोडी निर्बळ झालेली असते, आणि त्यात तिच्या यंत्राचा काही दोष नसतो. दुसरीकडे, जळलेल्या पेट्रोलातील ऊर्जेचा जवळजवळ तिसरा हिस्सा तप्त वायूंच्या रूपाने सायलेन्सरवाटे वाया जातो. या वाया जाणाऱ्या वायूंच्या मार्गात पात्यांचे एक छोटे चक्र ठेवावे, त्याच आसावर दुसऱ्या टोकाला दुसरे चक्र बसवावे, आणि त्या दुसऱ्याने बाहेरची हवा दाबून सिलिंडरांकडे पाठवावी, ही टर्बोचार्जरची मूळ कल्पना. स्वित्झर्लंडमधील अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने तिचे पेटंट १९०५ साली घेतले. १९१८ साली अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या सॅनफोर्ड मॉस याने विमानाचे एक लिबर्टी इंजिन कोलोरॅडोतील पाइक्स पीक या चौदा हजार फुटांहून उंच शिखरावर नेऊन चालवले. सखल प्रदेशात ३५० अश्वशक्ती देणारे ते इंजिन शिखरावरच्या विरळ हवेत २३० पर्यंत खाली आले होते, ते टर्बोचार्जर जोडताच ३५६ वर गेले. हवेचा दाब हाच इंजिनाच्या शक्तीचा खरा धनी आहे, याचा इतका स्वच्छ पुरावा दुसरा मला ठाऊक नाही.

मोटारगाडीत ही युक्ती आली ती पुष्कळ उशिरा, आणि आली ती अडखळत. १९६२ साली निघालेल्या ओल्ड्समोबिल जेटफायर या अमेरिकन गाडीत साडेतीन लिटरांच्या इंजिनाला टर्बोचार्जर जोडला होता. परंतु त्या इंजिनाचे संपीडनाचे प्रमाण मुळातच सव्वादहास एक इतके चढे असल्यामुळे, आतले मिश्रण अवेळी भडकू नये म्हणून पाणी आणि मेथॅनॉल यांचे मिश्रण एका स्वतंत्र टाकीतून इंजिनात सोडण्याची तजवीज करावी लागली. मालक ही टाकी भरायला विसरत, टाकी रिकामी झाली की यंत्रणा दाब आपोआप रोखून धरी, आणि अखेर अनेक गाड्यांचे टर्बोचार्जर काढून तेथे साधा कार्ब्युरेटर बसवण्यात आला. या प्रकरणापासून घरी काम करणाऱ्याने घ्यायचा बोध फार मोलाचा आहे, कारण त्याच्यापुढेही नेमका हाच पेच उभा राहणार असतो: इंजिन मूळचे टर्बोसाठी घडवलेले नाही, आणि त्यात वाढीव हवा कोंबायची आहे.

पुढे १९७७ साली स्वीडनच्या साब कंपनीने आपल्या ९९ या गाडीत वेगळी वाट धरली. शर्यतीच्या गाड्यांत असे तसा मोठा, उशिरा जागा होणारा टर्बो न घेता त्यांनी लहान टर्बो घेतला आणि दाब ठरावीक मर्यादेला पोहोचताच जादा वायू परभारे सायलेन्सरकडे सोडणारे दार त्याला जोडले. या दाराला वेस्टगेट म्हणतात. परिणामी कमी फेऱ्यांतच गाडीला ओढ मिळू लागली, आणि घरगुती वापराच्या टर्बोगाडीचा कित्ता तेथे घालून दिला गेला. विलायतेत निघालेली एमजी मेट्रो टर्बो ही तर आपल्या झेनच्या जातीचीच छोटी गाडी. तिच्या कर्त्यांनी कमी फेऱ्यांवरचा दाब मुद्दाम आवरून धरला, कारण इंजिनाखाली त्याच तेलात फिरणारा तिचा जुना गिअरबॉक्स अधिक जोर सोसणारा नव्हता. आणि मारुती ८०० च्या इंजिनाचा जपानी भाऊबंद पाहायचा असेल तर सुझुकीची १९८७ सालची आल्टो वर्क्स पाहावी: ५४३ घन सेंटिमीटरची तीन सिलिंडरे, टर्बोचार्जर, आणि ६४ अश्वशक्ती. आमच्या ८०० चे इंजिन त्याच घराण्यातले, आकाराने जवळजवळ दीडपट, आणि शक्ती मात्र चाळिशीच्या आतली. तरुण मेकॅनिकांच्या डोळ्यांपुढे हे आकडे नाचत राहतात यात नवल नाही. पण त्या ६४ अश्वशक्तीमागे कारखान्याने टर्बोकरिता म्हणून वेगळे घडवलेले पिस्टन, हेड आणि थंडाव्याची व्यवस्था होती, हेही त्याच दमात सांगितले पाहिजे.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. पहिले काम टर्बोच्या शोधाचे नव्हे, इंजिनाच्या परीक्षेचे. चारही सिलिंडरांचे संपीडन मोजावे. त्यांच्यात दहा टक्क्यांहून अधिक तफावत असेल, किंवा ऑइल जळून निळा धूर येत असेल, तर सर्व बेत तेथेच तहकूब करून आधी इंजिन रिंग-पिस्टनसह दुरुस्त करून घ्यावे. वीस-पंचवीस वर्षे चाललेल्या इंजिनाच्या हेड गॅस्केटवर जादा दाबाचा भार टाकण्यापूर्वी हेडची पातळी तपासून घेणे हेही ओघानेच आले.

नंतर टर्बो. नवा टर्बो घेण्याची ऐपत अशा कामात क्वचितच असते. जुना मिळतो, आणि तो मिळण्याला आपल्याकडे एक चांगले निमित्त झाले आहे. फियाटचे १२४८ घन सेंटिमीटरचे मल्टिजेट डिझेल इंजिन पुण्याजवळच्या रांजणगावच्या कारखान्यात वर्षानुवर्षे तयार होत होते, आणि तेच इंजिन मारुतीच्या स्विफ्टमध्ये, टाटांच्या इंडिका व्हिस्टामध्ये, फियाटच्या पुंटोमध्ये, निरनिराळ्या नावांनी बसवले गेले. त्याच्या पंचाहत्तर अश्वशक्तीच्या आवृत्तीत असलेला बोर्गवॉर्नरचा केपी३५ हा छोटा टर्बो, एक लिटरच्या पेट्रोल इंजिनाला हवी असलेली हवा पुरवण्याइतका मोठा आणि लवकर फिरू लागण्याइतका लहान आहे. अपघातात निकामी झालेल्या गाड्यांतून निघून तो कुर्ल्यासारख्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारात येतो. तो हातात घेताच आस बोटांनी हलवून पाहावा. आडव्या दिशेला किंचितशी हालचाल जाणवली तर चिंता नको, कारण चालू असताना ती फट ऑइलचा पापुद्रा भरून काढतो. पण आस लांबीच्या दिशेने मागेपुढे होत असेल, किंवा पात्यांनी घराच्या भिंतीला चाटल्याच्या खुणा दिसत असतील, तर दुकानदार कितीही शपथा घेवो, तो टर्बो परत ठेवावा. हे चक्र मिनिटाला दोन लाखांहून अधिक फेरे घेणार आहे, याचे भान त्या क्षणी असले पाहिजे.

डिझेलचा टर्बो पेट्रोलवर लावण्यात तीन अडचणी आहेत, आणि घरी केलेल्या बहुतेक प्रयोगांचा शेवट यांपैकी एकीने होतो. पहिली उष्णतेची: डिझेलचे बाहेर पडणारे वायू भर जोरात साडेसातशे-आठशे अंश सेल्सिअसपर्यंत तापतात, पेट्रोलचे नऊशेच्या वर सहज जातात, आणि डिझेलसाठी ओतलेले टर्बोचे घर व त्यातले चक्र त्या जादा शंभर-दीडशे अंशांसाठी घडवलेले नसते. म्हणून मॅनिफोल्डमध्ये तापमान मोजणारा थर्मोकपल बसवणे आणि भर जोर सलग दीर्घकाळ न देणे या दोन्ही गोष्टी मी अनिवार्य मानतो. दुसरी अडचण वेस्टगेटची: डिझेलवरच्या टर्बोचे हे दार एक बारहून अधिक दाबाला उघडेल अशा कडक स्प्रिंगने धरलेले असते, आणि आपल्याला तर तीन-चार दशांश बारवर थांबायचे आहे; तेव्हा मऊ स्प्रिंगचे अ‍ॅक्च्युएटर लावणे भाग आहे. एवढे करूनही, दाराचे छिद्रच लहान असेल तर दार पुरते उघडल्यावरही फेऱ्यांबरोबर दाब चढतच राहतो, आणि मग ते छिद्र कानशीने व ग्राइंडरने मोठे करावे लागते. तिसरी अडचण बंद होणाऱ्या झडपेची. जुन्या घडणीच्या डिझेल इंजिनात हवेच्या मार्गात झडप नसतेच म्हटले तरी चालेल. पेट्रोल इंजिनात ती असते, आणि चालकाने पाय उचलताच ती मिटते, तेव्हा वेगात आलेली दाबाची हवा तिच्यावर आदळून उलट टर्बोकडे धाव घेते. ती हवा पुन्हा टर्बोच्या तोंडाशी नेऊन सोडणारी एक लहान झडप बसवली की हा धक्का टळतो.

टर्बो इंजिनाला जोडणारा मॅनिफोल्ड हा या सगळ्या कामातला खरा हस्तकौशल्याचा भाग, आणि येथे मला थोडे रेंगाळू द्यावे. मूळचा ओतीव मॅनिफोल्ड उपयोगाचा नसतो. वाफेच्या नळकामात वापरतात ती जाड पत्र्याची पोलादी वळणे आणून, ती कापून, चार सिलिंडरांची चार तोंडे एका तोंडाशी आणायची, आणि हेडला टेकणारी दहा-बारा मिलिमीटर जाडीची पट्टी लेझरने कापून घेऊन तिच्यावर ती वळणे वेल्ड करायची, असा साधारण क्रम आहे. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरासारख्या ठिकाणी, जेथे लेथ, मिलिंग आणि वेल्डिंग एकाच गल्लीत मिळते, तेथे हे काम जाणत्या कारागिरांकडून होते, आणि त्यांना काम का करायचे आहे हे समजावून सांगितले तर ते स्वतःहून सुधारणा सुचवतात, असे पाहण्यात येते. वेल्डिंगच्या उष्णतेने पट्टी वाकते; म्हणून ती एका जाड ठोकळ्याला घट्ट बोल्ट करून मगच वेल्ड करावी आणि थंड झाल्यावर मिलिंगवर सपाट करून घ्यावी. पण एवढ्याने संपत नाही. पोलाद तापले की वाढते: तीस सेंटिमीटर लांबीचा मॅनिफोल्ड सातशे अंशांनी तापला तर तो सुमारे अडीच मिलिमीटर लांब होतो. हेड मात्र पाण्याने थंड राखलेले असल्यामुळे तेवढे वाढत नाही. या ओढाताणीत बोल्ट सैल होतात, गॅस्केट फुंकले जाते, आणि वेल्डच्या कडेला केसासारखी भेग पडते. बोल्टांची छिद्रे टोकांकडे किंचित लांबट ठेवणे, पट्टी चार तोंडांमध्ये करवतीने कापून मोकळी ठेवणे आणि टर्बोचे वजन मॅनिफोल्डवर न टाकता ब्लॉकला जोडलेल्या स्वतंत्र आधारावर पेलणे, हे तीन उपाय जुने व खात्रीचे आहेत. उष्णता आत राहावी म्हणून मॅनिफोल्डभोवती पट्टी गुंडाळण्याची टूम दिसते. साध्या पोलादाच्या बाबतीत ती पट्टी धातूला अधिकच तापवून त्याचे आयुष्य कमी करते, म्हणून मी तरी तिच्याऐवजी थोड्या अंतरावर पत्र्याची ढाल बसवून ब्रेकच्या नळ्या, वायरिंग आणि पेट्रोलची नळी यांना झळ लागणार नाही असा बंदोबस्त करीन.

ऑइलची बाब त्याहून नाजूक आहे. केपी३५ चा आस बॉलबेअरिंगवर फिरत नाही. ऑइलच्या पातळ थरावर तो तरंगत असतो, आणि तो थर काही क्षण जरी तुटला तरी टर्बो गेला म्हणून समजावे. ऑइलच्या दाबाचा दिवा ज्या स्विचवर चालतो तेथून टी जोड काढून बारीक नळीने ऑइल टर्बोला देतात, ते सोपे. परतीची वाट अवघड. टर्बोतून बाहेर पडणारे ऑइल फेसाळलेले असते आणि त्याला ढकलायला मागे दाब नसतो. ते स्वतःच्या वजनानेच खाली जाणार. तेव्हा परतीचा नळ बोटाएवढा जाड, सरळ उताराचा, कोठेही खोलगट न होणारा असावा, आणि इंजिनाच्या तळाशी ऑइल साठवणाऱ्या चेंबरमध्ये तो ऑइलच्या पातळीच्या वर उतरावा. याकरिता चेंबर काढून, त्याला छिद्र पाडून, तोटी वेल्ड करावी लागते. चेंबर गाडीवरच असताना छिद्र पाडून कीस ग्रीसने धरून ठेवण्याची जी पद्धत काही ठिकाणी चालते, ती मला मुळीच मान्य नाही. धातूचा एक कणही बेअरिंगात गेला तर वाचवलेल्या दोन तासांची किंमत इंजिनाने चुकवावी लागते. या टर्बोला पाण्याचा थंडावा नसल्यामुळे भर वेगानंतर इंजिन एकदम बंद केले तर आसाभोवती अडकलेले ऑइल जळून त्याची काजळी बनते. जुन्या टर्बो डिझेल गाड्यांचे चालक प्रवास संपल्यावर एक-दोन मिनिटे इंजिन रिकामे चालू ठेवत, ते याच कारणासाठी.

आता उष्णतेचे दुसरे रूप, म्हणजे आत जाणाऱ्या हवेची उष्णता. सायकलच्या पंपाने हवा भरताना पंपाचे टोक हाताला गरम लागते, तोच हा न्याय. पस्तीस अंशांची हवा चार दशांश बारने दाबली की ती पंच्याऐंशी अंशांच्या आसपास जाते. तापलेली हवा विरळ असते, म्हणजे दाबून मिळवलेले काही अंशी तेथेच गमावले, आणि शिवाय ती सिलिंडरात अवेळी पेट घेण्याचे भय वाढवते. वाटेत इंटरकूलर नावाचा हवेचा रेडिएटर बसवला की हे तापमान पन्नासच्या आसपास आणता येते. डिझेल गाडीचाच जुना इंटरकूलर यासाठी पुरतो. मात्र तो मूळ रेडिएटरपुढे आल्याने इंजिनाच्या पाण्याचे तापमान एप्रिल-मेच्या उन्हात चढते, याची तरतूद वेगळी करावी.

अवेळी पेट घेण्यालाच गॅरेजमध्ये नॉकिंग म्हणतात, आणि टर्बोचा सर्वात मोठा शत्रू तोच. ठिणगीने लावलेली ज्वाला सिलिंडरात शिस्तीने पसरत असता, तिच्या पुढचे मिश्रण दाबाने व उष्णतेने आपणहून फुटते. त्या स्फोटाने पिस्टनच्या कडा झिजतात, रिंगांमधला भाग तुटतो, आणि सर्व काही सेकंदांत घडते. त्यावर उपाय तीन: मिश्रणात पेट्रोल वाढवणे, ठिणगी उशिरा देणे, आणि दाब कमी ठेवणे. भर जोरात हवा-पेट्रोलचे प्रमाण साडेअकरा ते बारास एक ठेवावे, आणि दर सात शतांश बार दाबामागे ठिणगी साधारण एक अंश मागे घ्यावी, असा अनुभवी लोकांचा ठोकताळा आहे. पण ठिणगी फार मागे घेतली तर ज्वाला उशिरा जळत बाहेर पडते, मॅनिफोल्ड लाल होतो आणि वर सांगितलेला डिझेलचा टर्बो भाजून निघतो. नॉकिंगपासून पिस्टन वाचवावा तर टर्बो धोक्यात, टर्बो वाचवावा तर पिस्टन. या दोन भयांच्या मधली जागा अरुंद आहे, आणि ती रुंद करण्याचा एकच प्रामाणिक मार्ग म्हणजे दाब चार दशांश बारवर थांबवणे. नऊच्या आसपास संपीडन असलेल्या या इंजिनाला तेवढा दाब मूळ पिस्टनांवरही सोसतो. जाड हेड गॅस्केट घालून संपीडन उतरवण्याचा सोपा मार्ग सुचवला जातो, परंतु त्याने पिस्टन व हेड यांच्यातील अरुंद फट, जी मिश्रण ढवळून नॉकिंग आवरत असते, तीच मोठी होते. दाब वाढवायचाच असेल तर खोलगट डोक्याचे पिस्टन करून घेणे बरे.

पेट्रोलचा प्रश्न आपल्याकडे अलीकडे चमत्कारिक रीतीने बदलला आहे. महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांतून निघणारे इथेनॉल आता वीस टक्क्यांपर्यंत पेट्रोलमध्ये मिसळले जाते. इथेनॉल नॉकिंगला चांगले तोंड देते आणि बाष्प होताना पुष्कळ उष्णता शोषून घेते, म्हणजे टर्बोला ते अनुकूलच. परंतु त्याच्या मिश्रणाला हवा कमी व इंधन अधिक लागते, आणि झेनच्या काळातल्या रबरी नळ्या, वॉशर व पंपाचे पडदे त्याला टिकत नाहीत. तेव्हा टाकीपासून इंजिनापर्यंतची प्रत्येक रबरी वस्तू बदलणे हा या कामाचाच भाग समजावा. सत्तर अश्वशक्तीसाठी मिनिटाला चारशे घन सेंटिमीटर पेट्रोल लागते. इंजेक्टर आणि पंप तेवढे देऊ शकतात की नाही हे नळी एका मापाच्या बरणीत सोडून, घड्याळ लावून तपासता येते, आणि ते तपासल्यावाचून पुढे जाऊ नये.

हे पेट्रोल केव्हा व किती सोडायचे हे ठरवणारा गाडीचा मूळ संगणक वातावरणाहून अधिक दाब ओळखतच नाही. पूर्वी यावर उपाय नसे, म्हणून दाबाबरोबर पेट्रोलचा दाब वाढवणारी यांत्रिक साधने लावून कसेबसे भागवत. २००१ पासून मेगास्क्वर्ट हा अमेरिकेतील ब्रूस बोलिंग व अल ग्रिपो यांनी तयार केलेला, घरी सोल्डरिंग करून जोडता येणारा नियंत्रक मिळू लागला, आणि पुढे स्पीडुइनो हा त्याहूनही स्वस्त, खुल्या आराखड्याचा नियंत्रक आला. हौशी माणसाच्या हाती आलेली ही सत्ता मला टर्बोपेक्षाही मोठी वाटते. इंजिनाचे फेरे आणि हवेचा दाब यांच्या प्रत्येक जोडीला किती इंधन द्यायचे याचा एक तक्ता, सोळा गुणिले सोळा म्हणजे २५६ घरांचा, तो स्वतः भरायचा असतो. सायलेन्सरमध्ये बसवलेला रुंद पल्ल्याचा ऑक्सिजन सेन्सर मिश्रणाची खबर देत राहतो, आणि त्या खबरीवरून एकेक घर दुरुस्त करत जावे लागते. दाब नसलेली घरे आधी, दोन दशांश बारची नंतर, आणि सर्वाधिक दाबाची अगदी अखेरीस. यात घाई करणाऱ्याचे इंजिन सीझ होते, हे अनेक गॅरेजांनी पाहिले आहे.

किरकोळ वाटणाऱ्या तीन गोष्टी येथेच उरकतो. क्रँककेसची वाफ इनटेककडे नेणाऱ्या नळीत एकदिशा झडप हवी, नाहीतर टर्बोचा दाब चेंबरात शिरून ऑइल सीलमधून बाहेर पडते. ब्रेकच्या बूस्टरच्या नळीतली झडप धड आहे की नाही हेही पाहावे, कारण तेथे शिरलेला दाब ब्रेकची मदत काढून घेतो. प्लग एका श्रेणीने थंड वापरावेत व त्यांची फट सात दशांश मिलिमीटरपर्यंत कमी करावी.

मग क्लचप्लेट, गिअरबॉक्स, ब्रेक आणि टायर. सत्तर अश्वशक्ती हा आकडा आजच्या मानाने लहान असला, तरी त्या गाडीचे पुढचे डिस्क, मागचे ड्रम आणि १४५ मिलिमीटर रुंदीचे टायर पन्नासाच्या हिशेबाने नेमलेले होते. येथे एमजी मेट्रोच्या कर्त्यांचा शहाणपणा आठवावा व तीन हजार फेऱ्यांखाली पूर्ण दाब येऊ देऊ नये.

कायद्याची बाब स्पष्टपणे सांगणे माझे कर्तव्य आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याने मूळ ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा फेरफार वाहनमालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हाच अर्थ कायम केला, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षेची तरतूद झाली. मान्यताप्राप्त सीएनजी संचाला मुभा आहे. घरी बसवलेल्या टर्बोला नाही. विम्याचा दावाही अशा गाडीच्या बाबतीत टिकणे कठीण. म्हणून ही गाडी सार्वजनिक रस्त्यावर न आणता बंदिस्त मार्गावरच चालवावी, आणि तेथपर्यंत ती ट्रकवर न्यावी. कोइमतूरचा कारी मोटर स्पीडवे आहे. मारुती ८०० चे इंजिन घेऊन फॉर्म्युला मारुती ही एका आसनाची शर्यतीची गाडी घडवणारे एस. करिवर्धन यांचे नाव त्याला दिलेले आहे. चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टईचा मार्ग आहे, आणि लोणावळ्याजवळ अ‍ॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर सरळ रेषेतल्या शर्यती झालेल्या आहेत. ज्या देशात तरुणांच्या हातांत एवढी कारागिरी आहे, तेथे प्रत्येक जिल्ह्याला अशी एखादी जागा असावी, ही मागणी मला रास्त वाटते. सध्या महाराष्ट्रात ती सोय फार अपुरी आहे.

अशा मार्गावर पहिल्यांदा गाडी नेताना टर्बोचा दाब तीन दशांशांवर बांधून ठेवावा. इग्निशनची तार काढून, ऑइलचा दिवा विझेपर्यंत इंजिन केवळ स्टार्टरवर फिरवावे, म्हणजे टर्बोला पहिल्या फेऱ्यापासून ऑइल मिळेल. दोन-चार फेऱ्या मारून, इंजिन थोडा वेळ रिकामे चालवून बंद करावे आणि चारही प्लग काढून भिंगाखाली पाहावेत: पोर्सेलिनवर अ‍ॅल्युमिनियमचे चमकते बारीक कण दिसले तर ते पिस्टनचे आहेत, आणि त्या सिलिंडरात नॉकिंग झाले आहे. मॅनिफोल्ड पुरता थंड झाल्यावर त्याचे सर्व नट पुन्हा मापाने आवळावेत आणि वेल्डच्या कडांवरून दिवा फिरवावा. प्लग स्वच्छ, नट घट्ट आणि वेल्ड अखंड आढळले, तरच दाब तिनाचा चार करावा.